पेवातली केळी

पार्वताबाई आजारी पडली त्याच्या आदल्याच आठवड्यात तिने केळीचे घड पेवात उतरवले होते. नवी ज्वारी यायची होती, त्यामुळे अंगणातलं ते जमिनीखालचं धान्याचं पेव रिकामंच होतं. तिने खाली कडबा अंथरला, घड रचले, गोवऱ्यांचा धूर कोंडला आणि तोंडावर शिळा ठेवून शेणामातीने लिंपून घेतलं. "दसऱ्याला उघडू," ती येईल त्याला सांगायची. "साऱ्या गावानं चाखावीत."

दसऱ्याआधीच ती तापाने गेली.

सुतकात पेव उघडायचं नसतं. उघडलं तर घरातली बरकत निघून जाते, असं त्या घरात पिढ्यान् पिढ्या मानत आलेले. आत केळी पिकून राहिली आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. येता-जाता सगळे त्या शिळेकडे बघत आणि पुढे जात. थोरली लेक सखू सासरहून आली होती, तीही बघे.

चौदाव्या दिवशी, गोडाच्या दिवशी, सकाळी शिळा सरकवली. सखूचा भाऊ सोनाजी याने आधी आतली हवा पाहायला कंदील दोरीला बांधून खाली सोडला. तो विझला नाही, तेव्हा स्वतः उतरला.

"काय म्हणतो रे?" वरून उकंडरावांनी विचारलं. ते सखूच्या वडिलांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते.

"काळी पडली, मोठेबाबा. पार काळी."

"मंग? मी काय म्हणत होतो? ज्वारीच्या मुलखात केळी लावायच्या म्हणं. टाका म्हशीपुढं. अन् उद्या कुदळ घेऊन जातो मी. मोटेचं पाणी फुकट चाललं तिथं. जागा साफ करू, पुढच्या साली हळद लावू."

विहिरीजवळ मोटेच्या पाटातून सांडणाऱ्या पाण्यावर ती केळीची बाग उभी होती. तिचे पहिले कंद आईने वसमतकडच्या माहेराहून गाडीत मांडीवर धरून आणले होते. साखरा गावात तेव्हा कुणी केळी लावली नव्हती. लोक हसले. उकंडराव सगळ्यांत जास्त हसले, आणि तेही भिंतीकडे बघून, कारण भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, भावजयीशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. एवढी वर्षं त्यांचे सगळे टोमणे त्या भिंतीने ऐकले आणि भिंतीआडून पार्वताबाईने.

दिल्या घरच्या लेकीला माहेरच्या शेतात बोलता येत नाही. उद्या सखूची गाडी जुंपणार होती. ती गेल्यावर आईचं त्या घरात दिसेल असं काय उरणार होतं? एक पाटा, दोन लुगडी.

पण गोडाच्या दिवशी सुतकानंतरची पहिली कढई माहेरवाशिणीने चढवायची असते. त्या दिवसापुरती चूल तिची होती.

अडचण निराळीच होती. लढाईचे दिवस. साखर कंट्रोलात, गूळही मिळेना. गोरेगावचे दुकानदार पुनमचंद शेठ भेटीला आले होते, ते ओट्यावर बसून हळहळत होते, "माणिकराव, दुकानात खडा असता तर मी हातानं आणला नसता का?" माणिकराव, सखूचे वडील, नुसती मान हलवत होते. बायको गेल्यापासून ते ताटावर बसायचे आणि पाणी पिऊन उठायचे.

सखूने एक काळं केळ उचललं आणि सोललं. आतला गर मधासारखा झाला होता. सोलता सोलता तो बोटांवर आला. तिने बोट चाटलं आणि तिथेच उभी राहिली. केळी फार पिकली की आई ती कणकेत मळायची. पिकून काळं झाल्यावर त्याला गूळ लागत न्हाई, म्हणायची.

"केवळा, परात काढ."

केवळा, सोनाजीची बायको, घाबरली. "आक्का, लोकं काय म्हणतील? सुतकातून उठलं अन् सडकं खाऊ घातलं."

"सडक्याला आंबूस वास येतो. हुंगून पाह्य."

केवळाने हुंगलं. मग इकडेतिकडे बघून तिनेही बोट चाटलं. "व्हय की," ती हळूच म्हणाली आणि परात काढली.

दोघींनी एकेक केळ निवडलं. आंबलेली म्हशीकडे गेली, बाकीची परातीत. गर कुस्करून त्यात मावेल तेवढं ज्वारीचं पीठ, मूठभर कणीक, तीळ, सुंठ, चिमटीभर मीठ. पाण्याचा थेंब नाही. निम्म्या पिठाच्या घाऱ्या करडईच्या तेलात तळल्या. निम्म्या पिठाचे म्हाताऱ्यांसाठी आणि लेकरांसाठी केळीच्या पानावर धपाटे थापून तव्यावर भाजले, पोटाला हलके. तव्यातून वास सुटला तशी अंगणातली पोरं खेळ सोडून दाराशी जमली.

पंगत बसली. घरातल्या थोरल्याने गोडाचा घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही, अशी चाल. उकंडरावांनी घारी उलटी करून पाहिली.

"हे कशाचं?"

केवळा पदर चावत आत सरकली. सखू पुढे आली. "मायच्या केळांचं, मोठेबाबा."

उकंडरावांनी हात गुडघ्यावर ठेवला. सगळी पंगत हात आवरून बसली. वरणावर साय धरू लागली. कुणी खाकरलं.

शेवटी शेजारचे म्हातारे देवला आबा म्हणाले, "उकंड्या, खातो का आमी उठू? मला दात न्हाईत. गार झाल्यावर मी काय चावू, तुझं डोस्कं?"

पोरं फिसकन हसली. उकंडरावांनी नखाएवढा तुकडा मोडला आणि औषध घ्यावं तसा तोंडात टाकला. चघळला. मग आणखी एक मोडला, जरा मोठा. मग उरलेली घारी उचलली आणि संपवली. पंगतीत एकदम हात चालू लागले, बोलणं बंद झालं.

"गूळ कुठून आणला?" त्यांनी विचारलं.

"गूळ न्हाई यात."

"मला शिकवू नको. घरात गूळ होता अन् मला सांगितला न्हाई. पुनमचंद, खरं सांग, चोरून दिला का हिला?"

"खडासुद्धा न्हाई, उकंडराव," ओट्यावरून शेठ म्हणाले. "असता तर तुमच्याआधी मी खाल्ला असता."

देवला आबांनी हिरड्यांनी दुसरा धपाटा संपवला आणि तिसऱ्यासाठी ताट पुढे केलं. माणिकराव खाली मान घालून जेवत होते. त्यांच्या ताटातली घारी संपली, तशी सखूने न विचारता दुसरी वाढली. "तिच्या हातचीच लागते," ते एवढंच म्हणाले आणि तीही खाल्ली.

बायकांची पंगत उठली तेव्हा बंजाऱ्यांच्या तांड्यावरची रूपाबाई, आईची जुनी मैत्रीण, हात धुता धुता उकंडरावांना मोठ्याने म्हणाली, "बापू, त्या केळीचं एक पिल्लू मला द्या. आमच्या झऱ्यावर लावीन." तिच्यामागे देवला आबांच्या सुनेने मागितलं. मग आणखी दोघींनी. उकंडराव भिंतीकडे बघत सुपारी कातरत राहिले.

पहाटे गाडी जुंपली. सखूने पाहिलं, उकंडराव खांद्यावर कुदळ टाकून विहिरीकडे निघाले होते. गाडी थांबवून ती धावतच मागे गेली. बांधावर पोचली तेव्हा कुदळीचा आवाज येत होता.

एकही केळ पडली नव्हती. उकंडराव खोडांच्या बुडातली पिलं जपून मोकळी करत होते. पाच-सहा काढून ओल्या पोत्यावर ओळीने ठेवली होती.

"आता काहून आली पळत?" ते न बघता म्हणाले. "तांड्यावर द्यायचीत, गावात द्यायचीत. हे जाडं तुझं. सासरी लाव. खड्डा हातभर घे, खाली शेण घाल."

"बरं, मोठेबाबा."

"तुझी माय हातभरच घ्यायची. मी पाहायचो बांधावरून." त्यांनी कुदळ पुन्हा उचलली. "अन् पुढच्या दसऱ्याला येशील तव्हा कढई तूच चढव. केवळाला जमायचं न्हाई."

गाडी साखऱ्याच्या शिवेबाहेर पडली तेव्हा सखूने ते पिल्लू पोत्यासकट उचलून मांडीवर घेतलं. गाडीवान म्हणाला, "मागं ठेवा की, लुगडं चिखलानं भरंल."

"भरू दे," सखू म्हणाली.