पिवळ्या ज्वाळेचं पान

मित्रांनो, मला धूळ लागत नाही की गंज चढत नाही, तरीही मी म्हातारी झाले आहे. गिझर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या दुकानाची मी वेबसाइट. माझं वय चौदा वर्षं. आमच्यात एवढं वय म्हणजे आजीबाईचं. मी काही गोड गोष्ट सांगणार नाही. जे झालं ते सांगते.

माझा जन्म दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. भिंतीशी पोट उघडं टाकलेले गिझर आणि खिडकीजवळच्या टेबलावर एक कुरकुरणारा संगणक. मिस्त्रींची थोरली मुलगी छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात तिचा दिवस जायचा. तिला सगळे ताई म्हणत. रविवारी ती दुकानात यायची. मिस्त्री सांगायचे आणि ती टाइप करायची.

"लिही, गॅसचा गिझर बाथरूमच्या आत लावू नये."

"का नाही, बाबा?"

"नाही म्हणजे नाही."

"असं लिहिलं तर कोण ऐकेल? मीच ऐकणार नाही."

मिस्त्री हसले आणि नीट सांगू लागले. कोंदट खोलीत गॅसला जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, पायांतलं बळ जातं. गरम पाण्याने गळाल्यासारखं झालं असेल, असं वाटत राहतं आणि दाराची कडी काढायचंही सुचत नाही. ज्वाळा निळी असावी, पिवळी दिसली तर गिझर लगेच बंद करावा, असं ते म्हणाले तेव्हा ताईने विचारलं, "पिवळी म्हणजे किती पिवळी?" मिस्त्रींनी टेबलावरच एक बर्नर पेटवला, हवेच्या भोकांपुढे पत्रा धरला, आणि ताईने दोन्ही ज्वाळांचे फोटो काढले. त्या एका पानाला चार रविवार लागले. माझ्यात अशी चाळीस पानं होती, पण अभिमान होता तो त्या पानाचा.

तुम्ही सर्च इंजिनमध्ये प्रश्न टाकता तेव्हा कुणाचं पान वर दाखवायचं हे ठरवण्यासाठी त्याचे प्रोग्रॅम आधीच आमच्यासारख्यांना वाचून गेलेले असतात. कोण किती उपयोगाचं, कुणावर कोण विसंबतं, हे ते पाहतात. सुरुवातीला मला कुणी विचारत नव्हतं. मग येणारे शेवटपर्यंत वाचू लागले. वाचून झाल्यावर तोच प्रश्न घेऊन त्यांना दुसरीकडे जावं लागत नव्हतं. एका परिचारिकेने आपल्या लेखात माझा पत्ता दिला. अग्निशमन दलाने आपल्या सूचनांखाली लिहिलं, "अधिक माहिती इथे वाचा." हळूहळू मी वर चढत गेले आणि एका हिवाळ्यात पहिल्या पानावर पोहोचले.

फोन येऊ लागले. एका बाईंची मुलगी रोज आंघोळीनंतर डोकं धरून बसायची. त्यांनी माझं पान वाचून गिझर बंद केला आणि मिस्त्रींना बोलावलं. धूर बाहेर नेणारा पाइप त्या गिझरला लावलेलाच नव्हता. त्या दिवशी मिस्त्री दुकानात परतले, माझ्यासमोर बसले आणि ताईला फोनवर म्हणाले, "अगं, आपलं पान कामाला आलं." एवढंच. पण आपल्याविषयी असं बोललेलं कुणाला ऐकायला आवडत नाही?

मग मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. दुकान धाकट्या मुलाकडे आलं. तो वाईट नव्हता. त्याला घाई होती. दुरुस्तीपेक्षा विक्रीत त्याचा जीव, आणि त्यासाठी त्याने एक सल्लागार धरला. तो माणूस दर दोन वाक्यांनी "पहिला नंबर आणून देतो" म्हणायचा, म्हणून दुकानात त्याचं नाव पडलं नंबरवाला.

नंबरवाल्याने मला वरवर पाहिलं. वाचलं नाही, नुसतं माउसच्या चाकाने खाली सरकवलं.

"शब्द फार आहेत," तो म्हणाला. "आणि हे काय, विषारी वायू? तुम्ही गिझर विकता की लोकांना घाबरवता?"

"ते बाबांनी लिहिलंय," धाकटा म्हणाला.

"असेल. पण लोक 'स्वस्त गॅस गिझर' असं शोधतात. तो शब्द दिसला पाहिजे, आणि सारखा दिसला पाहिजे."

ताईला कळलं तेव्हा ती छापखान्यातून तडक आली. "अरे, निदान ते ज्वाळेचं पान तरी ठेव."

"ताई, वाचायला कोण येतं? लोक घ्यायला येतात."

दोन दिवसांत माझी चाळीस पानं गेली आणि त्यांच्या जागी सहाशे आली. प्रत्येकावर तोच परिच्छेद, फक्त पेठेचं नाव वेगळं. स्वस्त गॅस गिझर हवा आहे का, आमच्याकडे स्वस्त गॅस गिझर मिळेल, स्वस्त गॅस गिझरसाठी स्वस्त गॅस गिझरचं दुकान. मित्रांनो, तोंडात कोंबलेला घास गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही, तसं मला झालं. जुन्या पत्त्यांवर कुणी आलं तर त्याला सरळ विक्रीच्या पानावर ढकलायचं, अशीही सोय नंबरवाल्याने करून ठेवली.

दोन महिने मी खरंच वर गेले. नंबरवाला पेढे मागत फिरला. मग सर्च इंजिनने आपली चाळणी बदलली. प्रोग्रॅम पुन्हा आले, सहाशे पानं चाळली आणि त्यांना एकाच पोकळ वाक्याच्या सहाशे नकला सापडल्या. लोकही येत आणि क्षणात पाठ फिरवत. मी कोसळले. कुणाला दिसेनाशी झाले. नंबरवाला म्हणाला, "थोडा वेळ द्या," आणि फोन उचलेनासा झाला.

एके दिवशी दुपारी एक बाई दुकानात आल्या. शिवणकाम करणाऱ्या. गळ्यात अजून मापाची टेप होती. मिस्त्री कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, धाकटा काउंटरवर होता आणि संगणकावर मी उघडी होते. बाईंनी मोबाइल पुढे केला.

"हे तुमचंच ना?"

"हो. कोणता गिझर बघताय?"

"बघायचा नाही. माझ्या नवऱ्याला आंघोळीनंतर गरगरायचं. मी शोधलं. अग्निशमन दलाच्या पानावर लिहिलं होतं, इथे वाचा. इथे आले तर ही जाहिरात. मला वाटलं, गिझरवाल्यांनाच काही वाटत नाही, म्हणजे गिझरचं नसणार. मी त्यांना लिंबूपाणी दिलं."

धाकट्याने त्यांचा मोबाइल हातात घेऊन ती जाहिरात पाहिली.

"चार दिवसांनी बाथरूमचं दार फोडून काढलं त्यांना. वाचले. पण कापड बेतायचं काम तेच करायचे. आता त्यांना दोन मापं एका वेळी लक्षात राहत नाहीत." त्यांचा आवाज चढला नाही. "इथे आधी काय लिहिलं होतं, तेवढं मला सांगा."

कोपऱ्यातून मिस्त्री उठायचा प्रयत्न करू लागले. "पान," ते म्हणाले. "पान... कुठे?"

"काढलं, बाबा," धाकटा म्हणाला.

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते बाईंकडे पाहत राहिले आणि नमस्कारासाठी एकटा डावा हात कपाळापर्यंत नेऊन तिथेच धरून ठेवला. बाईंनी मोबाइल परत घेतला आणि त्या निघून गेल्या.

त्या रविवारी ताई आली. मिस्त्री एकेक शब्द जुळवत सांगत होते, जिथे अडत होते तिथे ती आठवून लिहीत होती. बर्नर या वेळी धाकट्याने पेटवला. पान पुरं झाल्यावर ताई त्याला म्हणाली, "वाच. चुका असतील तर सांग."

तो उभ्यानेच वाचू लागला. मध्येच खुर्ची ओढून बसला. पिवळ्या ज्वाळेच्या फोटोपाशी आला आणि थांबला. मग त्याने मोबाइल काढला आणि बायकोला फोन लावला.

"छोटी कुठाय? ... नको, आंघोळीला पाठवू नकोस. आधी गिझर बंद कर... अगं तोच, बिल्डरने बाथरूमच्या आत बसवून दिलेला. मी येतो."

ताईने विचारलं, "तू हे आधी कधी वाचलं नव्हतंस?"

"नाही," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

तर मित्रांनो, ते पान आता माझ्यात आहे, पण वर नाही. एकदा विश्वास उडाला की सर्च इंजिन सहजी परत घेत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. माझ्या वर आज जे आहेत त्यातल्या किती जणांच्या पोटात सहाशे पोकळ वाक्यं आहेत, ते मला ठाऊक नाही. नंबरवाला कुठेतरी नवं दुकान शोधत असेलच.

उद्या तुम्ही लिहाल, दुकानं काढाल, माझ्यासारख्या कितीतरी वेबसाइट तुमच्या हाती येतील. त्यांना सजवा, बदला, माझी हरकत नाही. पण कुणीतरी चार रविवार बसून लिहिलेलं पुसायला निघाल, तेव्हा ते एकदा शेवटपर्यंत वाचा. पुसायला तर एक बोट पुरतं.