मालिकेतल्या चुका

कंपाउंडर हा माणूस जन्मात कुठल्या दवाखान्यात कामाला नव्हता. तो लोकांना ‘औषध’ देतो, म्हणून त्याला हे नाव पडलं, आणि ज्यांनी ते पाडलं ते आता त्याच्या टायरच्या दुकानात हात जोडून उभे राहत. घरी मात्र स्वारी अगदी गरीब गाय. लेकीच्या वह्यांना कव्हरं घालायची, बायकोचं डोकं दुखलं तर स्वतः चहा टाकायचा. बाहेरचं बाहेर, घरातलं घरात, असा त्याचा खाक्या होता. बावीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला कामातलं चकार अक्षर सांगितलं नव्हतं.

मग ती मालिका सुरू झाली. एका टोळीच्या म्होरक्याची. सकाळी पोरांना शाळेत सोडणार, दुपारी कुणाचे तरी गुडघे फोडणार, संध्याकाळी रुसलेल्या बायकोची समजूत काढणार. दर रविवारी दुपारी चारला कंपाउंडर चष्मा लावून टीव्हीसमोर बसायचा आणि चुका काढायचा. “अरे गाढवा, गाडी अशी दारासमोर लावतात का?” “दमात घ्यायला चौघं कशाला? एकच जातो, आणि तोही हसत हसत!” खोटं दिसलं की याला खरं बोलल्यावाचून राहवतच नसे. बायको शेजारी वाटाणे सोलत बसे आणि ऐकत राही. नवरा काय करतो हे तिला असं कळत गेलं. बावीस वर्षं एका छपराखाली काढून शिकवणी कुणाची, तर टीव्हीची!

खरं तर त्याच्या धंद्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच कळायला हवं होतं, की आपला धाकटा भाऊ कुठे आहे. त्याच्या जन्माच्या वेळीच आई गेली, तेव्हा दहा वर्षांच्या या पोरीनं त्याला कडेवर घेतला तो मिसरूड फुटेपर्यंत सांभाळला. पुढे तो कंपाउंडरच्याच हाताखाली लागला. नऊ वर्षांपूर्वी एके सकाळी नवरा बाहेरून आला आणि म्हणाला, “परदेशात नोकरी लागली त्याला. मीच बोटीत बसवून आलो. घाईत होता, तुला भेटायला जमलं नाही.”

त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. “लग्नबिग्न केलं असेल तिकडे, विसरला,” नवरा म्हणे. ती दर आठवड्याला भावाच्या खोलीतली चादर बदले, खिडक्या उघडे. घरात माणसं तीन, पण वावर चौघांचा. जिन्यात पाऊल वाजलं की तिच्या हातातलं काम थांबे, आणि पाऊल वरच्या मजल्यावर निघून गेलं की पुन्हा सुरू होई. वेडी नव्हती हो ती. आशा मोठी चिवट असते, मेली.

त्या रविवारी मालिकेतल्या म्होरक्याला कळलं, की आपला मेहुणाच पोलिसांना खबरा देतो. त्यानं गोड बोलून मेहुण्याला गाडीत घातलं आणि गावाबाहेर नेलं.

“बंद कर ते,” कंपाउंडर म्हणाला. “रटाळ आहे आज. चहा टाक जरा.”

“संपू दे की, अहो,” ती म्हणाली. रिमोट तिच्या मांडीवर होता. तिनं तो हातात घट्ट धरला, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

पडद्यावर मेहुणा गुडघे टेकून बसला, हात जोडले आणि गळा काढून ओरडू लागला, “आई! आई गं!”

कंपाउंडरनं थोडा वेळ दम धरला. पण जित्याची खोड! “काय हा तमाशा!” तो उसळला. “अरे, असं कोणी रडत नाही. हातबित जोडत नाही. आणि आई कुठली आई? नुसतं ‘ताई’ म्हणतो!”

आतल्या खोलीत लेक मोठमोठ्यानं भूगोल पाठ करत होती. नद्यांची नावं एकामागून एक ऐकू येत होती.

असं कधी काही कळलं तर आपण घर डोक्यावर घेऊ, असं तिला वाटायचं. पण नऊ वर्षं आपण याच माणसाला पहिली गरम पोळी वाढली, याचीच तिला आधी लाज वाटली. मग भावाचं दुःख आलं, आणि ते इतकं आलं की बसल्या जागी तिला भिंत धरावी लागली.

“म्हणजे... बहिणीचाच नवरा ना तो म्होरक्या, मालिकेतला,” कंपाउंडर सारवासारव करू लागला. “म्हणून म्हटलं, बहिणीलाच हाक मारेल ना माणूस...” गावाला घाम फोडणारा हा बाबा, स्वतःच घामाघूम झाला होता. अजूनही त्यानं रेटून खोटं सांगितलं असतं, तर लेकीकडे बघून तिनं ते गिळलंही असतं.

तिनं टीव्हीचा आवाज बंद केला.

“किती वेळा म्हणाला?”

“अगं, काय वेड्यासारखं...”

“किती वेळा?”

त्यानं चष्मा काढला.

“दोनदा,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा फार हळू.”