झाकणाच्या मुठीवरची खाच

झाकणमामा बोलायला लागला, की ऐकणाऱ्याने घड्याळ काढून ठेवावं. त्याच्या कारखान्यातून भांड्यांची झाकणं निघायची आणि तोंडातून थापा. दोन्हींना तोटा नव्हता. झाकणावरची ती लाकडी मूठ, कमरेत बारीक आणि हात न भाजणारी, त्याच्याच डोक्यातून निघाली असं सगळा बाजार मानायचा. कशी सुचली म्हणून विचारलं, की मामा कावळ्याची गोष्ट काढायचा. उन्हात तापलेल्या झाकणावर कावळा बसला, पाय पोळले तसा बोंबलत उडाला, आणि परत आला तो चोचीत लाकडाचा ठोकळा घेऊन! ठोकळा झाकणावर ठेवला आणि वर ऐटीत बसला. पहिल्या वर्षी एकच कावळा होता. पुढे गोष्टीत त्याची बायको आली, मग सासराही सल्ले द्यायला लागला.

खरं काय ते मामाच्या पोटात. अठरा वर्षांपूर्वी तो थोरल्या बहिणीकडे जेवायला गेला होता. ताई शिवणकाम करायची. तिच्या कढईच्या झाकणाची लोखंडी कडी सारखी बोटं भाजायची, म्हणून तिने कडी उपटून तिथे दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ स्क्रूने बसवलं होतं. मामाने जेवून ढेकर दिला, आणि ‘पोचे काढून आणतो गं’ म्हणत झाकण पिशवीत टाकलं.

सुताराला म्हणाला, “अगदी अस्संच कर.”

सुतार पडला सरळ माणूस. रिळाच्या कडेला दोऱ्याचं टोक अडकवायला बारीक खाच असते ना, तीसुद्धा त्याने प्रत्येक मुठीला पाडली. मामाच्या लक्षात येईपर्यंत पोती भरली होती. पुढे तर खाच नसलेली मूठ दिसली की गिऱ्हाईकच म्हणायचं, ही नकली! मग मामाने ठोकून दिलं, “वाफ निसटायला असते ती.”

ताईचं झाकण त्याने चकचकीत करून परत दिलं. ताई काही बोलली नाही. ते न बोलणंच त्याला अठरा वर्षं टोचत होतं. तिच्याकडे गेला की चहा अर्धा टाकून उठायचा.

आणि आता वाचनालयात ‘रोजच्या वस्तूंच्या जन्मकथा’ असं प्रदर्शन भरलं. मामाचं झाकण काचेच्या पेटीत, खाली त्याचं नाव, आणि संध्याकाळी त्याचं भाषण.

“वन्संना पहिल्या रांगेत बसवलंय,” बायको त्याची कॉलर नीट करत म्हणाली. “घरचं माणूस कौतुकाला नको का?”

मामा कॉलर सोडवून मागे सरला. “तिला कशाला त्रास दिलास?”

“अगं बाई! सख्खी बहीण ना तुमची?”

भाषण सुरू झालं. कावळा आला, त्याची बायको आली, लोक खदाखदा हसले. ताई मांडीवर पिशवी घेऊन शांत बसली होती. शेवटी ग्रंथपालबाईंनी विचारलं, “मामा, पण ती खाच हो कशाला?”

“ती... वाफ...” मामाची नजर ताईच्या बोटांवर गेली. सुईने टोचटोचून खरखरीत झालेली बोटं. “वाफबीफ काही नाही. ती दोऱ्याची खाच आहे. मूठ माझी नाही. ही समोर बसलीय ना, तिची आहे. मी चोरली.”

मागून कोणीतरी ओरडलं, “मामा, कावळ्याची गोष्ट बरी होती हो!” हशा पिकला. टाळ्या पडल्या. मामा हात हलवत राहिला, “अहो, खरंच सांगतोय!” तेवढ्यावर लोक आणखी हसले.

ताई उठून निघून गेली.

सकाळी मामा तिच्या दारात उभा. ताई मशीनवर बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

“काल सांगितलं मी, ताई. सगळ्यांसमोर.”

“ऐकलं. छान जमली होती. टाळ्याही मिळाल्या.”

“त्यांनी विश्वास ठेवला नाही, त्याला मी काय करू?”

“मला कुठे त्यांचा विश्वास हवा होता?” ताईने दोरा दातांनी तोडला. “इथे येऊन सांगितलं असतंस एकदा. अठरा वर्षांत एकदा. घरात मी एकटी, तू एकटा.”

मामा चपला काढून आत आला. एरवी शब्दांची पोती रिकामी करणारा माणूस, पण आज दोनच वाक्यं निघाली. “मी चोरलं. विचारलंही नाही तुला.”

“हं.”

“तुला कळलं कधी?”

“त्याच महिन्यात. दुकानदार मला म्हणाला, बाई, काय डोकं आहे तुमच्या भावाचं! मी म्हटलं, हो, लहानपणापासून हुशार आहे तो.”

याच्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मामा दाराकडे वळला.

“जाऊ मी?”

“बस,” ताई म्हणाली. “आणि एक शब्द बोलायचा नाही.”

मामा बसला. मशीन चालू झालं. दुपार झाली तरी ती ‘ऊठ’ म्हणाली नव्हती, आणि त्यानेही विचारलं नाही.