ठोकून बसवलेला पलंग

मी एक जुना शिसवी पलंग आहे. मित्रांनो, 'करकरणारा पलंग' अशी माझी ख्याती तुमच्या कानावर आली असेल, तर ती आधी विसरा. माझ्या नावाला बट्टा लावणारे हात दुसऱ्याचेच होते.

२००४ साली लखनौच्या अलीगंजात नफीस मिस्त्रींनी मला घडवलं. एका संशोधन संस्थेतले मधुसूदनराव आणि बँकेत काम करणाऱ्या मालिनीताई यांच्यासाठी. मिस्त्रींनी माझ्या पायांत खाचा पाडल्या आणि बाजूच्या लांब पट्ट्यांच्या टोकांना जीभ काढली. तिलाच कुसू म्हणतात. प्रत्येक कुसू आपापल्या खाचेपुरतंच तासलेलं होतं. खिळा नाही, सरस नाही. घर भाड्याचं, म्हणून मला सुटं करता यावं, एवढीच ताईंची अट होती. मिस्त्रींनी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने जुळत्या रेघा मारल्या आणि सांगितलं, "भाभीजी, जहाँ चाहे ले जाइए. बस निशान मिला लीजिएगा."

पुढे किती सुखाची वर्षं गेली! त्यांची छोटी लेक मुक्ता माझ्यावर उड्या मारायची. जूनमध्ये माझ्या पोटाखाली मलिहाबादचे दशहरी आंबे पिकायचे. कधी साधं 'कुई' केलं नाही मी.

मग एका दिवाळीत घराला रंग द्यायचं निघालं. ताई बँकेत होत्या. मधुसूदनरावांनी माझ्या सांध्यांवरच्या रेघांकडे बोट दाखवून रंगाऱ्याला फर्मावलं, "ये खरोंचें भर दो, भैया. मेहमान आने वाले हैं." झालं! खुणांवर लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरली, वर पॉलिश चढलं. माझा तिळपापड झाला, पण लाकडाला विचारतो कोण?

दोन वर्षांनी गोमतीनगरात स्वतःचा फ्लॅट झाला. तिथे माझी जोडणी मधुसूदनरावांनीच हाती घेतली. एका पायाची पट्टी दुसऱ्याच पायात. कुठे ढिली, कुठे शिरेचना. त्यांनी हातोडा उचलला, वर खिळे मारले. एक कुसू उभं फाटलं. कसं सांगू काय दुखलं ते!

तेव्हापासून मी करकरू लागलो. ताईंची पाठ धरलेली. कूस बदलली की माझ्या आवाजाने त्यांची झोप उडायची. आणि हे महाशय म्हणतात काय, "लाकूडच हलकं निघालं. भंगारात देऊ, बॉक्सचा पलंग आणू."

"इतकी वर्षं चांगलं होतं, ते इथे येताच हलकं झालं का हो?" ताई पाठीवर हात धरून म्हणाल्या.

मुक्ता म्हणाली, "पापा, कील किसने ठोकी थी?"

मधुसूदनरावांनी पेपर उघडला.

रविवारी मायलेकींनी खिळे उपटले. ताईंना मिस्त्रींच्या खुणा आठवल्या, तशी मुक्ताने बोथट सुरीने लांबी खरवडली. रेघेला रेघ मिळाली आणि तीन सांधे नुसत्या तळहाताच्या दाबाने बसले. फाटलेलं कुसू सुताराने सरस लावून सांधलं. ताईंना झोप लागू लागली. तो एक कोपरा मात्र अजून कुरकुरतो.

परवा पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. मधुसूदनराव छाती फुगवून म्हणाले, "जोडणी माझीच!"

मित्रांनो, माझी एकच कळकळीची विनंती आहे. एखादी वस्तू जागी बसत नसेल, तर तिच्यावर घाव घालू नका, तिची जागा शोधा. आणि ती मोडलीच, तर तिला नावं ठेवण्याआधी आपल्या हातातला हातोडा बघा.