गोतावळ्यातले टोमणे

गेम खेळून खेळून माणसाला कंटाळा येतो, ही साधी गोष्ट गेम बनवणाऱ्या कंपनीला काही केल्या पटत नाही. रंगीत गोट्या रंग बघून बरण्यांत लावायच्या, एवढाच तो खेळ. आमच्या डिझायनरबाईंनी मोठ्या हौसेने बनवलेला, आयुष्यातला पहिला स्वतःचा गेम. लोक आले, थोडे दिवस खेळले आणि चालते झाले. तिच्या साहेबांना ऑफिसात सगळे पाठीमागे आलेखराव म्हणत, कारण त्यांच्या मोबाइलवर सदैव आलेख उघडा असे आणि त्यातली रेघ उतरली की त्यांचा चेहराही उतरे.

"महिनाअखेर रेघ वर गेली नाही तर गेम बंद," त्यांनी तिला बोलावून सांगितलं. "चुरस हवी, चुरस! माणसं एकमेकांवर जळली पाहिजेत."

जळायला नातेवाइकांसारखं सोयीचं कोण? तिने 'गोतावळा' काढला. खेळणाऱ्या सगळ्या नातलगांची एक शिडी. कोण वर, कोण खाली, सगळ्यांना दिसणार, आणि तुम्हाला कोणी मागे टाकलं की लगेच मोबाइलवर मेसेज: 'आपल्या नातेवाइकाने आपल्यापेक्षा अधिक गुण मिळवले आहेत.' आता सांगा, असला मेसेज वाचून कोणाचं रक्त तापणार? बँकेची सूचना समजून लोकांनी तो न वाचताच पुसला.

ती हात टेकून घरी आली. दार उघडताच आईचा आवाज आला, "आलात? या, या. आम्हाला वाटलं, घराचा पत्ता विसरलात!"

आणि डिझायनरबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तिची आई म्हणजे टोमण्यांची खाण. शिवी नाही, आरडाओरडा नाही, साध्या सरळ वाक्यात असा चिमटा काढायची, की समोरच्याला हसावं की मरावं ते कळू नये. लेकीने आठवून आठवून एकेक वाक्य गेममध्ये घातलं. खेळ दोन दिवस उघडला नाही की, 'आमची आठवण कशाला होईल म्हणा!' चुलतभाऊ पुढे गेला की, 'तुझ्याच वयाचा आहे हो तो. मी आपलं सहज सांगितलं.' आणि शेवटचा नंबर आला की, 'असू दे, तू बस निवांत. तुला कुठे घाई आहे!'

रेघ अशी वर गेली, की आलेखराव चक्क हसले. त्यांना हसताना पाहून शिपाई घाबरला. लोक हातातली कामं टाकून गोट्या लावायला धावत होते.

घोटाळा केला मावशीने. तिने गेम घेतला आणि मोठ्या बहिणीला फोन करून, "तुला नाही गं जमायचं," असं सांगून टाकलं. झालं! आईने त्याच दुपारी गेम उतरवून घेतला. चार दिवस भाजी करपली, पण आई पुढे राहिली. पाचव्या दिवशी मावशी पुढे गेली, आईचा शेवटचा नंबर आला आणि आईच्या मोबाइलवर मेसेज आला. आईने तो मोठ्याने वाचला, "असू दे, तू बस निवांत. तुला कुठे..."

पुढचं तिने वाचलं नाही. चष्मा काढून पुसला, मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि लेकीकडे एकदाच बघितलं.

त्यानंतर आई गोड झाली. बाप रे, ते गोड वागणं! "दमली असशील," "हवं तर नंतर जेव," "तुझ्या सोयीने कर." बाबा तर हादरलेच. लेकीला बाल्कनीत ओढून ते कुजबुजले, "तिने मला चहा हवा का, असं विचारलं! काय करून ठेवलंस तू?"

इकडे आलेखराव मागे लागले. लोकांना जुने टोमणे पाठ झाले होते, नवे हवे होते. डिझायनरबाईंनी स्वतः लिहून पाहिले, तर ते सगळे दिलगिरीपत्रासारखे झाले. मग तिने घरी आगळीक सुरू केली. ओला टॉवेल गादीवर टाकला. फ्रिजचं दार सताड उघडं ठेवलं. न सांगता उशिरा आली. आईने टॉवेल वाळत घातला, फ्रिज बंद केला, ताट वाढलं. तोंडातून ब्र नाही. टोमण्यांचं सोडाच, त्या घरात आता लेकीला भीती वाटायला लागली. आई समोर असून तिला आईची आठवण येत होती.

रविवारी दुपारी आई मटार सोलत बसली होती. लेक समोर जाऊन उभी राहिली.

"आई, बोल ना गं काहीतरी."

"बोलायला तोंड लागतं. ते तू ऑफिसात नेलंस," आई म्हणाली. मग हळू आवाजात, "हसत असतील ना गं लोक मला?"

"हसत नाहीत गं!" लेकीने घाईघाईने आलेख काढून दाखवला. "ही उंच रेघ बघ. इथे तुझं वाक्य गेलं. वाक्य गेलं की माणसं लगेच परत येतात. असतील तिथून येतात."

आईने चष्मा लावला आणि रेघेवरून बोट फिरवलं.

"परकी माणसं? सगळी?"

"जवळजवळ सगळी."

"आणि शब्द माझेच? तुला बोलते तेच?"

"अगदी तेच."

"मग तू कशी गं कधी आली नाहीस?"

घरी आल्यावर लेक रोज थेट आपल्या खोलीत जायची आणि लॅपटॉप उघडायची, ते तिला आठवलं. तिचे डोळे भरून आले. ती आईशेजारी खाली बसली आणि मुकाट्याने शेंगा सोलायला लागली.

आई तिच्या हातांकडे बघत होती.

"वा! दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत. बघा, कोणी तरी येऊन बसलं म्हणून आम्ही कौतुक करत होतो!"

लेक रडता रडता खळखळून हसली. बाबांनी आतून धावत येऊन विचारलं, "बोलली? बोलली का ती?"

सोमवारी तिने आलेखरावांना सांगितलं, की गोतावळ्यात आता ज्याने त्याने आपल्या माणसाला आपलाच टोमणा लिहावा, तशी सोय मी करून देते. चालला तर चालेल, नाही तर करा गेम बंद.

आलेखराव कुरकुरले. "म्हणजे तुमच्याकडे नवं वाक्य एकही नाही?"

"आहे की, कालच मिळालंय," ती म्हणाली. "पण ते मला होतं."