खालच्या वस्तीची मतपेटी

मित्रांनो, रागावलेली पेटी तुम्ही पाहिली नसेल. मी तशी आहे. मी एक जुनी लोखंडी मतपेटी आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते मी गोड करून सांगणार नाही.

माझा जन्म कॉर्विन शहरातच झाला, टेकडीखाली, रेल्वेच्या रुळांपलीकडच्या वस्तीत, एका वेल्डरच्या शेडमध्ये. तो एरवी नांगर जोडायचा आणि धान्याच्या टाक्यांची झाकणं बसवायचा. जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीने त्याला सांगितलं, अशी पेटी कर की कोणी मोटार आपटली तरी जागची हलू नये. त्याने जाड पोलाद घेतलं आणि माझं तोंड मुद्दाम अरुंद ठेवलं. पाकीट आत जाईल, पण हात जाणार नाही, इतकंच. माझं वजन सव्वातीनशे किलो भरलं, तेव्हा तो खूश झाला.

आमच्याकडे मतपत्रिका टपालाने घरी येते. लोक जेवणाच्या टेबलावर बसून ती भरतात, पाकिटावर सही करतात आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी आठच्या आत माझ्यासारख्या पेटीत टाकतात. मला याच वस्तीत, नवव्या रस्त्यावर, ओफेलिया बरागान हिच्या लाँड्रीसमोर बोल्ट मारून बसवलं. तिथे मी अठरा वर्षं होते. नाशपाती डबाबंद करण्याच्या कारखान्यातले लोक पाळी सुटली की कपडे मशीनमध्ये टाकत आणि ते फिरेपर्यंत बाकावर बसून उमेदवारांची उणीदुणी काढत. मग पाकिटं माझ्यात पडत. कारखान्यातला निवृत्त मिस्त्री व्हर्न टॉलिव्हर चाकाच्या खुर्चीतून येई, माझ्या डोक्यावर दोन टिचक्या मारी आणि विचारी, "गिळलंस ना नीट?" जिल्हा कचेरीचा ह्यू डेविट मला रिकामी करायला यायचा. तो म्हणायचा, "या रस्त्यावरची पेटी कधी अर्धी भरलेली सापडली नाही." मला त्याचा अभिमान वाटायचा.

पण एवढी मतं गिळूनही एक गोष्ट मला कळत होती. खालच्या वस्तीतला एकही माणूस कधी नगरसेवक झाला नाही. शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमांत, लिहिलं होतं की सातही नगरसेवकांना अख्ख्या शहराने निवडायचं. रुळांच्या वरच्या बाजूला, टेकडीवर, मतदार जास्त. मग सातही जण टेकडीवरचे. साठ वर्षं हेच चाललं होतं.

त्या सात जणांनी एका बैठकीत खालच्या वस्तीतलं अग्निशमन केंद्र बंद केलं. तिथली रुग्णवाहिकाही वर नेली. रुळांवर मालगाडी अडकून बसते हे त्यांना माहीत होतं. पण त्यांच्यापैकी कोणाला रुळांवरचं फाटक ओलांडून घरी जायचं नव्हतं.

एका ऑगस्टच्या दुपारी ओफेलियाचा नवरा रुबेन साबणाचे डबे उतरवत होता. माझ्यापासून तीन पावलांवर तो छाती धरून खाली बसला. रुग्णवाहिका चार मिनिटांत आली, रुळांच्या पलीकडे. तिचा भोंगा मला ऐकू येत होता. मधे मालगाडी उभी होती. ओफेलिया त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि एकच वाक्य बोलत होती, "आली बघ, आली." गाडी सव्वीस मिनिटांनी हलली. तोवर रुबेन गेला होता.

महिन्याभराने ओफेलिया नगरपरिषदेसमोर बोलून आली. व्हर्न लाँड्रीच्या दारात वाट बघत होता.

"काय म्हणाला महापौर?"

"आपल्या दुःखात सहभागी आहोत म्हणाला. अभ्यास समिती नेमतोय."

"मागच्या समितीची कॉफी अजून संपली नाही, त्यात ही दुसरी."

"व्हर्न, त्यांच्यात आपल्याकडचा एक जरी माणूस असता ना, तर ते केंद्र बंद झालं नसतं."

"मग बसव एक."

"कसा बसवू? अख्खं शहर मत देतं."

"सनद बदल. शहराचे सात प्रभाग कर, ज्याचा प्रभाग त्याचा नगरसेवक. लोकांच्या सह्या जमवल्या की प्रश्न मतपत्रिकेवर घ्यावाच लागतो. मी चौकशी केलीय."

"आणि सह्या मागत फिरणार कोण?"

"मला पाय नाहीत, बाई. तुला आहेत."

दुसऱ्या दिवशी ओफेलियाने घडीचं स्टूल माझ्या शेजारी मांडलं. चार महिने ती तिथे बसली. वारा सुटला की ती कागद माझ्या पाठीवर दाबून धरी. सह्या भरल्या, तपासल्या गेल्या आणि मे महिन्याच्या मतदानात ठराव आला.

आता ऐका त्यांनी काय केलं. ठरावाचा मजकूर लिहायचं काम शहराच्या वकिलाकडे होतं. त्याने मतपत्रिकेवर लिहिलं: 'सातपैकी सहा नगरसेवकांना मत देण्याचा तुमचा हक्क काढून घेऊन शहराचे प्रभाग करावेत का?' एकही शब्द खोटा नव्हता आणि अख्खं वाक्य लबाड होतं. कारखान्यातली एक बाई पाकीट घेऊन तावातावाने लाँड्रीत आली.

"ओफेलिया, माझा हक्क काढून घेणारी तू कोण गं?"

"ये, इकडे बघ. ही सात मशिनं. समज, सातांवर तुझा हक्क आहे, पण सातांत कायम टेकडीवाल्यांचेच कपडे फिरतायत. तुला तुझे कपडे धुवायला एक रिकामं मशीन हवंय की सातांवरचा हक्क हवाय?"

बाईने बोटाने सातही मशिनं मोजली. "मग तसं सरळ लिहायला काय झालं होतं त्या मेल्याला?" असं म्हणून तिने 'हो'वर खूण केली.

असं एकेकाला समजावताना तिचा घसा बसला. तरी पाकिटं पडत होती, आणि टेकडीवर ते कळलं. मतदानाला नऊ दिवस उरले असताना शहराची क्रेन आली. मी उभी होते ती पट्टी शहराच्या मालकीची होती. रस्ता रुंद करायचा आहे, असं पत्र जिल्हा कचेरीला गेलं. त्यांनी माझे बोल्ट कापले. अठरा वर्षांत मोटारीच्या धडकेने जी हलली नव्हती, ती एका पत्राने हलली.

ओफेलिया क्रेनसमोर उभी राहिली. "कधी रुंद करणार रस्ता?" तिने विचारलं. क्रेनवाला खाली मान घालून म्हणाला, "मला फक्त पेटी सांगितलीय, बाई." सांगून टाकते, तो रस्ता आजही तेवढाच आहे.

मला टेकडीवर, नगरभवनाच्या दाराशी बसवलं. इथे फुलांचे ताटवे आहेत, लोक मोटारीतून न उतरताच पाकीट टाकतात. मला रडता येत नाही, म्हणून मी नुसती तापत राहिले. खालच्या वस्तीतली टपालपेटी आधीच काढलेली होती. ज्यांच्याकडे मोटार नाही, त्यांनी मत द्यायला रूळ ओलांडून टेकडी चढायची.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, ओफेलियाने सगळ्यांना लाँड्रीपाशी जमवलं. ज्यांची पाकिटं घरीच राहिली होती असे साठसत्तर जण निघाले आणि फाटकाशी आले, तर मालगाडी उभी. हे मला टेकडीवरून दिसत होतं. डबे आणि डब्यांच्या पलीकडे माणसं. काही तरुण डब्यांमधून घुसायला निघाले होते, तेव्हा ती त्यांच्यावर ओरडली, असं व्हर्नने मला नंतर सांगितलं. "एकही जण गाडीखाली वाकणार नाही. या गाडीने माझ्या घरातला एक नेलाय. मताच्या पायी दुसरा देणार नाही मी."

गाडी सात चाळीसला हलली.

ते चढू लागले. ऊन अजून होतं, आमच्याकडे मे महिन्यात सूर्य साडेआठला मावळतो. कोणाच्या अंगावर कारखान्याचा एप्रन, कोणाच्या कडेवर मूल. व्हर्नची खुर्ची दोघे जण ढकलत होते आणि तो त्यांना शिव्या घालत होता, "मला सोडा आणि पुढे पळा, गाढवांनो." पण ते सोडत नव्हते.

ह्यू डेविट किल्ल्या घेऊन माझ्याजवळ उभा होता. महापौर केंट लिंडक्विस्ट पायऱ्या उतरून आला.

"आठला कुलूप लागलं पाहिजे, डेविट. नियम म्हणजे नियम."

"नियम मला पाठ आहे, साहेब. आठ वाजता जो रांगेत उभा असेल त्याचं मत घ्यायचं."

"रांग कुठे संपते हे कोण ठरवणार?"

"मी," डेविट म्हणाला. त्याने किल्ल्या सहकारी बाईच्या हातात दिल्या, रांगेच्या कडेने उतार उतरत गेला आणि घड्याळ बघत आठच्या ठोक्याला शेवटच्या माणसामागे जाऊन उभा राहिला. तो शेवटचा माणूस व्हर्न होता.

व्हर्नचं पाकीट मी घेतलं. त्याला टिचकी मारायचंही भान नव्हतं. पण डेविटच्या मागे अकरा जण उरले होते. धापा टाकत वर आले तेव्हा आठ वाजून गेले होते. डेविटने किल्ल्या परत घेतल्या आणि त्यांच्याकडे न बघता कुलूप लावलं, कारण त्यालाही ते बघवत नव्हतं. एका बाईने आपलं पाकीट माझ्या बंद तोंडावर टेकवलं आणि तशीच उभी राहिली. त्या अकरा जणांचा राग माझ्यात अजून आहे.

मोजणी पाच दिवस चालली. रोज दुपारी नगरभवनाच्या दारावर आकड्यांचा कागद लागे. पहिल्या दिवशी ठराव दोनशे दहा मतांनी मागे होता. लिंडक्विस्ट पायऱ्यांवर उभा राहून लोकांशी हसतखेळत बोलत होता. मग खालच्या वस्तीची पाकिटं मोजायला आली. पिछाडी चौऱ्याण्णववर आली, मग एकतीसवर. पाचव्या दिवशी कागद लागला: बाजूने दोन हजार आठशे एकाहत्तर, विरोधात दोन हजार आठशे पासष्ट. फेरमोजणी झाली. सहा मतं सहाच राहिली.

त्या दिवशी लोकांनी माझ्याभोवती मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले वाटले आणि कॉफी प्यायली. ओफेलियाने माझ्या गरम पत्र्यावर तळहात ठेवला. मलाही वाटलं, झालं आपलं काम. मित्रांनो, तिथेच आम्ही चुकलो.

ठरावात लिहिलं होतं, शहराचे सात प्रभाग करावेत. ते कोणी पाडायचे आणि कसे पाडायचे, हे लिहायचं राहिलं होतं. नगरपरिषदेने ते काम स्वतःकडे घेतलं. नकाशाची बैठक ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दुपारी दोन वाजता ठेवली, नाशपातीच्या ऐन हंगामात, कारखाना तीन पाळ्यांत चालत असताना. सभागृहाच्या खिडक्या माझ्या डोक्यावर उघड्या होत्या. मी सगळं ऐकलं. समोरच्या खुर्च्यांवर दोनच माणसं होती, ओफेलिया आणि व्हर्न.

पडद्यावर नकाशा आला तेव्हा व्हर्न मोठ्याने म्हणाला, "हे प्रभाग आहेत की केकच्या फाकी?"

तसंच होतं ते. खालच्या वस्तीच्या मधून रेघा टेकडीवर पसरत नेल्या होत्या. प्रत्येक प्रभागात टेकडीचा रुंद तुकडा आणि खालच्या वस्तीचं निमुळतं टोक. नववा रस्ता एकटाच तीन प्रभागांत गेला होता.

"बरागानबाई," लिंडक्विस्ट म्हणाला, "तुम्हाला सात हवे होते. मोजून घ्या, सातच आहेत."

"मोजता येतं मला," ओफेलिया म्हणाली. "आमची वस्ती एक होती. तिचे सात तुकडे केलेत आणि प्रत्येक तुकडा तुमच्या घरांना बांधलात. हे नजरचुकीने नाही झालं, रेघ ओढताना हात थरथरलाही नाही तुमचा."

"तुमची तीन मिनिटं संपली."

"रुबेनची सव्वीस मिनिटं तुम्ही मोजली नाहीत. माझी तीन बरोबर मोजता."

मग मतदान झालं. सात विरुद्ध शून्य. नकाशा मंजूर.

नोव्हेंबरमध्ये नव्या प्रभागांतून निवडणूक झाली. ओफेलिया तिसऱ्या प्रभागातून उभी राहिली. टेकडीवरची दारं तिने एकेक करून वाजवली. काहींनी पाणी दिलं, बऱ्याच जणांनी पडद्याआडून बघितलं. दारावर कागद लागला: ओफेलिया बरागान चारशे बारा, तिचा प्रतिस्पर्धी सहाशे एकोणनव्वद. सातही नगरसेवक पुन्हा टेकडीवरचे. अग्निशमन केंद्राला कुलूपच आहे.

निकाल वाचून ती माझ्याजवळच्या कठड्यावर बसली. व्हर्नची खुर्ची शेजारी होती.

"माझी चूक," ती म्हणाली. "मी सात लिहिलं. कात्री कोणाच्या हातात, ते लिहायचं सुचलं नाही."

"मलाही नाही सुचलं. आणि मी तर स्वतःला शहाणा समजत होतो."

"पुन्हा सह्या, पुन्हा मतदान, पुन्हा निवडणूक म्हणजे दोन वर्षं जातील."

"माझं वय एक्याऐंशी आहे. घाई तू करू नकोस, मी करतो."

ती हसली नाही. पण दुसऱ्या आठवड्यात नवा मसुदा घेऊन आली. प्रभाग पाडायचे ते नगरसेवकांनी नाही, दोन्ही बाजूंच्या साध्या रहिवाशांनी, आणि बैठक पाळी सुटल्यावर, अशा वेळी की लोक येऊ शकतील. तो ठराव अजून मतदानाला आलेला नाही. येईल की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, माझ्या जातीच्या पेट्या आपल्या कथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला रंग द्या, गंजू देऊ नका. मला रंग नको. लोकांनी उन्हातून चढून आणलेली पाकिटं मी जपली, एकही हरवलं नाही, आणि तरी ती चोरली गेली. ती मोजून झाल्यावर, उघड्या खिडकीत, भर दुपारी, हात वर करून चोरली गेली. तेव्हा मोठे व्हाल तेव्हा मत तर द्याच, पण निकालाच्या दिवशी घरी जाऊन झोपू नका. ज्या कंटाळवाण्या दुपारी नकाशे काढतात, त्या दुपारी जा. मी खिडकीखाली उभी असते, मला आतल्या खुर्च्या मोजता येतात. गेल्या मंगळवारच्या बैठकीला चाळीस होत्या. अडतीस रिकाम्या होत्या.