फायबरचं दार

आधी इसार द्यायचा आणि मग आईला विचारायचं, ही आमच्या बलभीमची रीत. सहकारी सूतगिरणीत कारकून झाल्यापासून आधी ठराव लिहून मग सभा बोलवायची सवय त्याला घरातही लागली आहे. धरणात गाव गेलं, नव्या गावठाणात घर उभं राहिलं, आणि हा मला दार पसंत करायला सोलापूरला घेऊन गेला. पसंत करायचा राहिला होता तो फक्त रंग.

दार फायबरचं. दुकानदारानं त्यावर बोटं वाजवली. वाळवी लागत नाही, पाण्यानं फुगत नाही, शेंबडं पोरसुद्धा उचलेल इतकं हलकं, म्हणाला. मी म्हटलं, मग चोराचीही सोय झाली म्हणायची. तो हसला, बलभीम हसला नाही. फळी उतरते का, एवढंच मी विचारलं. स्क्रूनं घट्ट बसते आजी, उतरवायची कशाला, म्हणाला. त्याला काय सांगायचं?

आमच्या जुन्या दाराची फळी खोबणीतून उचलली की निघायची. आळीतल्या लग्नात भाकरीची चवड तिच्यावर लागायची. अडलेल्या बाईला तिच्यावरूनच गाडीपर्यंत न्यायचे. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर आमचे मालक कोसळले, ते तिच्यावरूनच लोहाऱ्याच्या दवाखान्यात गेले आणि तिच्यावरूनच परत आले. पुढचा उजवा कोपरा आळीतल्या रसूलभाईच्या खांद्यावर होता.

म्हणून गाव सोडताना ती फळी मी हट्टानं गाडीत घातली आणि नव्या घरामागं उभी केली. वास्तुशांतीला आचाऱ्याला जळण कमी पडलं, तर बलभीमनं ती फोडून दिली. मला कळलं तेव्हा तिच्यावर आमटी उकळत होती. बोलून बोलून जीभही दमते.

पंगत बसणार तोच रसूलभाईची बायको कुलसुमबी धापा टाकत आली. घरावर पत्रे टाकताना रसूलभाई खाली पडले, कंबर हलवता येईना. बाजेला झोळ पडतो, म्हणून आळीच्या रीतीप्रमाणं ती सरळ आमच्याकडं आली होती.

"विठाक्का, तेवढी फळी द्या," म्हणाली.

बलभीम चुलीकडं बघत राहिला. मग म्हणाला, गिरणीची जीप मागवतो, येईल तासाभरात. मी नव्या दाराकडं बघितलं, तसा माझ्या कानाशी लागून पुटपुटला की दार सकाळीच बसवलंय, पाहुणे काय म्हणतील. दारावरचं कुंकू अजून वाळलं नव्हतं.

मी उंबऱ्यावर टेकले.

"बलभीम, दुकानदार खरं बोलला. दार हलकं हाय, चौघांला जड जायचं न्हाय. तुज्या बापाला म्होरं उजव्या अंगाला कुणी धरलं हुतं, ठावं हाय न्हवं? मग काढ ते स्क्रू, आन् आज त्यो कोपरा तू धर."